वरचा वर्ग

'वर्ग' या शब्दाची मला लहानपणापासून थोडी भीती वाटत आली आहे. प्राथमिक शाळेत निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाच्या तळाशी 'वरच्या वर्गात घातले' असे लिहिलेले असे. ते पुस्तक छातीशी धरून मी धावत घरी जाई. आईला वाचता येत नाही. ती त्या ओळीवर बोट ठेवून विचारी, "घातलं का रं वर?" मी म्हणे, "घातलं." मग ती देवापुढे चिमूटभर साखर ठेवी. आठवीपर्यंत त्या वेळी कुणालाच नापास करीत नसत, हे तिला कुणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. तिची साखर फुकट जावी असे मला वाटत नव्हते.

आता मी एस. वाय. ला आहे. म्हणजे वरच्या वर्गात घातले आहे, पण एफ. वाय. चा इंग्रजीचा पेपर मागे राहिला आहे. याला ए. टी. के. टी. म्हणतात. एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, अशी ही अवस्था. आई विचारते तेव्हा मी अजूनही "घातलं" एवढेच सांगतो.

अंकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा 'वर्ग' याच विषयावर लिहावे असे मनात आले. पण तो वर्ग आपल्या कॉलेजातला नव्हे. एका जपानी खेळातला आहे. प्राध्यापक मंडळींनी कपाळाला आठ्या घालू नयेत आणि मित्रांनी हसू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

या खेळाचे नाव 'ड्रॅगन बॉल हीरोज'. आकिरा तोरियामा या चित्रकाराची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात जपानच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात क्रमशः येत होती. १९८६ पासून तिची चालती चित्रे टीव्हीवर आली. आमच्या पिढीने ती हिंदी आवाजांत पाहिली. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी वारले, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. बातमी कळली त्या दिवसांत माझी बारावीची परीक्षा चालू होती. कधी न पाहिलेल्या, दूर देशीच्या माणसासाठी घसा का दाटून यावा हे मला कळेना. आईला वाटले, पेपर अवघड गेला.

या कथेवरून २०१० सालच्या नोव्हेंबरात बंदाई या कंपनीने जपानात एक खेळ आणला. २०१६ साली त्याचीच वाढवलेली आवृत्ती 'सुपर ड्रॅगन बॉल हीरोज' आली. हा घरी बसून खेळायचा खेळ नव्हता. गेम सेंटरांत आणि मोठ्या दुकानांच्या कोपऱ्यांत त्याची यंत्रे उभी असत. १०० येनचे नाणे टाकायचे, की यंत्रातून एक पत्ता मिळे. असे जमवलेले सात पत्ते यंत्राच्या सपाट पाटावर मांडायचे आणि लढाई सुरू करायची. पत्ता हाताने पुढे सरकवला, की पडद्यावरचा योद्धा पुढे जातो. पुढच्या रांगेतला योद्धा जोराने लढतो, पण त्याचा दम लवकर खर्च होतो. त्याला मागे ओढले, की दम हळूहळू भरून येतो. दोघांचे वार एकमेकांवर आदळतात तेव्हा पडद्यावर एक पट्टी झरझर धावते. ती नेमक्या क्षणी बटण दाबून थांबवायची असते. तो क्षण ज्याला साधला, तो जिंकला.

हे यंत्र मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. जपान राहू द्या, मी अजून मुंबईही पाहिलेली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात 'ड्रॅगन बॉल सुपर डायव्हर्स' नावाचा नवा खेळ तिथे आला आणि 'हीरोज'चे दिवस सरले. म्हणजे आता ते पाहण्याची आशाही उरली नाही. मी जे काही जाणतो ते दोन गोष्टींमुळे. जपानी मुले यंत्रापुढे उभी राहून खेळतात ती चित्रणे मी रात्री पांघरुणात मोबाइलवर पाहिली. आणि २०१९ साली या खेळाची 'वर्ल्ड मिशन' ही आवृत्ती संगणकासाठी निघाली होती, ती वसतिगृहातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर मी खेळलो. लॅपटॉप त्याचा असल्यामुळे तो दमला की मला मिळे. तोही माझ्यासाठी मागच्या रांगेत जाई, असे म्हणायला हरकत नाही.

या खेळात माणूस मोठा होण्याचे दोन मार्ग आहेत, आणि मला सांगायचे आहे ते त्या दोन मार्गांविषयी.

पहिला मार्ग वर्ग बदलण्याचा. खेळाडूला स्वतःचे एक पात्र घडवता येते. त्याचे कुळ निवडायचे: सायान, नामेक ग्रहावरचा, माजिन, फ्रीझाच्या वंशातला, यंत्रमानव वगैरे. मग प्रकार निवडायचा: हीरो, एलीट किंवा बर्सर्कर. आणि लढत राहायचे. लढाईगणिक अनुभव साठतो, पातळी वाढते आणि एका टप्प्याला पात्र वरच्या वर्गात जाते. याला 'क्लास-अप' म्हणतात. त्याच्या पुढे 'सुपर क्लास-अप' आणि त्याहीपुढे 'गॉड क्लास-अप'. ही बढती कायमची असते. ती खेळाडूच्या कार्डात नोंदली जाते. आज खेळ थांबवून घरी गेले आणि महिन्याने परत आले, तरी पात्र त्याच वर्गात उभे असते. पण तिथे पोचायला किती नाणी टाकावी लागली असतील, किती वेळा हरावे लागले असेल, ते त्या मुलांनाच ठाऊक.

दुसरा मार्ग रूपांतराचा. काही पत्त्यांमध्ये तशी शक्ती असते. लढाईची ठरावीक फेरी आली किंवा ठरावीक अट पुरी झाली, की काळ्या केसांचा गोकू ओरडतो, केस उभे राहून सोनेरी होतात, डोळे हिरवट होतात, अंगाभोवती ज्वाळा उठतात. तो 'सुपर सायान' होतो. बळ एकदम वाढते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण लढाई संपली, की पत्ता पुन्हा होता तसा. पुढच्या डावात पहिल्यापासून सुरुवात.

वर्ग बदलतो तो हळूहळू, आणि टिकतो. रूप बदलते ते एका क्षणात, आणि उतरते. एवढी साधी गोष्ट. पण ती समजायला मला दीड वर्ष लागले.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील सातवी शिकले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. प्रवेशाचा अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. मग 'व्यापार' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण खरे लिहिताना जसा हात चालतो तसा तो चालला नाही.

पहिल्याच आठवड्यात वर्गात काही बोलताना मी "पानी" म्हणालो. मागून कुणीतरी "पानी, पानी" म्हणून हळूच हसले. फार मोठे काही घडले नाही. सरांनीही ऐकले नसेल. पण त्या रात्री मी अंथरुणात पडून 'पाणी, लोणी, कोण, आणि' असे घोकत बसलो. महिन्याभरात मला 'ण' साधला. मग 'व्हय'चे 'हो' झाले, 'न्हाय'चे 'नाही' झाले. केस कापायची तऱ्हा बदलली. कॉलेजचे फाटक आले, की मी ताठ चालू लागे. मला वाटे, झालो आपण सुपर सायान.

घरी आल्यावर मात्र पंचाईत होई. एकदा मी आईला म्हणालो, "आई, मला पाणी दे." ती हातातले लाटणे तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "असं काय बोलतुयास रं पुस्तकावानी? कुनाचं पोरगं आलंया म्हनायचं घरात?"

मला त्या क्षणी गोकूची बायको चीची आठवली. कथेत एक प्रसंग आहे. सेल नावाच्या शत्रूशी लढण्याआधी गोकू आणि त्याचा मुलगा गोहान तयारी करून सोनेरी केसांनीच घरी येतात. चीची ते केस पाहते आणि आपला अभ्यासू मुलगा वाया गेला, मवाली झाला म्हणून गळा काढते. बाहेरच्या जगात ज्या रूपाने लोक थक्क होतात, ते रूप घरी नेले की आई घाबरते. हे तोरियामांना कुठून कळले असेल, कुणास ठाऊक.

मग मी सोपा उपाय काढला. कॉलेजात एक भाषा, घरी दुसरी. फाटकातून आत जाताना रूप चढवायचे, बाहेर पडताना उतरवायचे. वर्ष तसेच निघाले. मनाला सारखा दम लागल्यासारखा वाटे, पण मी म्हणे, लढाईत दम खर्च व्हायचाच.

आता जो प्रसंग सांगायचा आहे तो लिहावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

गेल्या हिवाळ्यातला गुरुवार होता. गुरुवारी आमच्या गावचा आठवडी बाजार. शेवटचा तास झाला नाही म्हणून आम्ही चौघे मित्र बाजारातून चाललो होतो. एकाला गाजरे हवी होती. तो सरळ एका हातगाडीपाशी जाऊन थांबला. ती गाडी अण्णांची होती.

माझे अण्णा भाजी विकतात. पहाटे चारला मार्केट यार्डात लिलावाला जातात, माल घेतात, आणि मग दिवसभर गाडी. अर्जात मी ज्याला 'व्यापार' म्हटले होते, तो हा.

मित्रांना यातले काही माहीत नव्हते. मी मागे उभा राहिलो. चपलेत काही टोचते आहे असे दाखवून खाली वाकलो. अण्णांनी मला पाहिले होते, हे मला कळले. गर्दीतसुद्धा ते मला पाठमोरा ओळखतात. मित्र म्हणाला, "पावशेर गाजरं द्या." अण्णांनी तागडी उचलली. पावशेराला जेवढी बसतील त्याच्यावर दोन गाजरे जास्त टाकली. पैसे घेतले, कपाळाला लावले नाहीत. सकाळची भवानी केव्हाच होऊन गेली होती. आणि मग माझ्याकडे वळून, जसे कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावे तसे त्यांनी मला विचारले,

"तुमास्नी काय देऊ?"

मी मान हलवली. आम्ही पुढे निघालो. मित्र गाजर खाता खाता म्हणाला, "भाजीवाला चांगला आहे, वजन पुरतं देतो."

तुमास्नी. माझ्या जन्मदात्या बापाने मला अहो-जाहो केले. रागाने नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. माझ्या मित्रांपुढे माझी लाज राहावी म्हणून. आपला मुलगा आपल्याला ओळख दाखवत नाही, हे पाहून त्यांनी एका श्वासात स्वतःला परका माणूस करून टाकले. मी वर्षभर आरशापुढे जे साधत होतो, ते रूपांतर त्यांनी हातात तागडी धरून, दुसरा हात गाजरांवर असताना करून दाखवले. आणि मला वरच्या वर्गात घातले. मुलगा होतो, तो गिऱ्हाईक झालो.

त्या रात्री घरी कुणी काही बोलले नाही. अण्णांनी नेहमीसारखी चिल्लर मोजली, नेहमीसारखी भाकरी कुस्करून खाल्ली. "झोप आता, उद्या कालेज हाय," एवढे म्हणाले. मला वाटत होते, त्यांनी एक थोबाडीत मारावी. म्हणजे बरे वाटले असते.

पुढचे काही दिवस लॅपटॉपवर खेळण्यातही जीव रमेना. नुसते पत्ते चाळत बसे. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती अनेकांना आधीपासून ठाऊक असेल, मला नव्हती. सायान ही जी महाबलाढ्य योद्ध्यांची जात, तिचे नाव 'यासाई' या जपानी शब्दाची अक्षरे उलटीपालटी करून केले आहे. आणि यासाई म्हणजे भाजी!

मग मी एकेक नाव लावू लागलो. गर्विष्ठ राजपुत्र वेजीटा म्हणजे सरळ 'व्हेजिटेबल'. त्याचा टकला साथीदार नापा म्हणजे पालेभाजी. गोकूचा थोरला भाऊ रॅडित्झ म्हणजे मुळा. आणि गोकूचे खरे, जन्माचे नाव काकारोट म्हणजे गाजर. ज्यांच्या नावाने लाखो मुले छाती फुगवतात, ती सगळी मंडळी अण्णांच्या गाडीवर ओळीने मांडलेली होती. मी एकटाच हसलो. हसता हसता थांबलो, कारण त्या दिवशी मित्राने घेतली होती ती गाजरेच.

सायानांतही वर्ग आहेत. जन्मल्याबरोबर मुलाची शक्ती मोजतात आणि त्यावरून वरचा योद्धा की खालचा ते ठरवतात. वेजीटा वरचा. काकारोट खालचा, म्हणून त्याला पृथ्वीसारख्या किरकोळ ग्रहावर पाठवलेला. पहिल्या भेटीत वेजीटा त्याला त्याची पायरी दाखवू पाहतो, आणि खालच्यालाही मेहनतीने वरच्याच्या पुढे जाता येईल असे उत्तर गोकू देतो. हा भाग मी पूर्वी शंभरदा पाहिला असेल. पाहताना प्रत्येक वेळी मी स्वतःला गोकू समजत होतो. गोकूच्या बापाचा विचार कधी मनात आला नव्हता.

गोकूच्या बापाचे नाव बार्डोक. हेसुद्धा एका भाजीचेच नाव. जमिनीत खोल जाणारे ते एक मूळ आहे, आणि जपानी लोक ते आवडीने खातात. बार्डोकही खालच्या वर्गातलाच. १९९० साली टीव्हीवर त्याची वेगळी गोष्ट दाखवली होती. तीत तो फ्रीझासमोर एकटा उभा राहतो आणि आपल्या ग्रहाबरोबर जळून जातो. पुढे २०१४ साली तोरियामांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टीत, ग्रहाचा नाश होणार हे ओळखून बार्डोक आणि त्याची बायको आपल्या लहानग्याला एका यानात घालतात आणि दूर पाठवून देतात. मुलगा जगावा एवढीच इच्छा. आपण मागे राहतात. मुलाचे केस पुढे सोनेरी होतात, हे पाहायला दोघेही नसतात.

पण खेळात असे नाही. 'हीरोज' या खेळाची ही गंमत मला सगळ्यांत मोठी वाटते. कथेने ज्याला रूपांतर दिले नाही, त्यालाही हा खेळ ते देतो. यात बार्डोक सुपर सायान होतो. त्याच्या पुढच्या, पाठीवर लांब केस येणाऱ्या तिसऱ्या पायरीवरही चढतो. बाप आणि मुलगा एकाच पाटावर शेजारी शेजारी ठेवता येतात. दोघांचेही केस सोनेरी. मी तसे दोन पत्ते मांडले आणि खेळ सुरू न करता नुसता पाहत राहिलो. मित्र म्हणाला, "अरे, खेळ की. नाहीतर मला दे."

आमच्या घरात वर्ग बदलला तो फक्त माझा. अण्णा, आई आणि धाकटी बहीण मागच्या रांगेत. खेळात मागच्या रांगेतल्याचा दम भरून येतो. आमच्या घरी मागच्या रांगेतल्यांचाच खर्च होतो, आणि पुढे उभा असलेला मी ताजातवाना राहतो. माझ्या कार्डात ज्या लढाया नोंदल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक दुसऱ्यांनी लढलेल्या आहेत. पहाटे चारच्या थंडीतल्या.

पुढच्या गुरुवारी मी साडेतीनला उठलो आणि अण्णांबरोबर यार्डात गेलो. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. टेम्पोत मागे पाट्यांवर आम्ही दोघे बसलो होतो. थंडी मी म्हणत होती. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी त्यांना सायानांची नावे सांगू लागलो. गाजर नावाचा पैलवान, मुळा त्याचा थोरला भाऊ, राजाचा पोरगा म्हणजे अख्खी भाजी. अण्णा आधी नुसते ऐकत होते. मग मफलरीत हसू लागले.

"आनि बापाचं नाव?"

मी म्हणालो, "एक मूळ असतं, अण्णा. जमिनीत लय खोल जातं. आपल्याकडं पिकत न्हाय."

"भाव काय त्याचा?"

भाव मला ठाऊक नव्हता. अण्णांना त्याचे थोडे वाईट वाटले असावे. मग मी म्हणालो, "गोष्टीत बाप मरतो. पन खेळात त्याला बढती दिलीय. पोराबरोबर त्योबी सोन्यावानी चमाकतो."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. यार्डाचे दिवे दिसू लागले. मग म्हणाले, "त्यो खेळ हाय म्हून." आणि खाली उतरता उतरता, "पाटी धर तिकडनं."

मी पाटी धरली. त्या गुरुवारच्या गोष्टीबद्दल आम्ही दोघे त्याहून जास्त कधी बोललो नाही.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी तास संपले, की मी गाडीवर जातो. मित्रांना मी स्वतः सांगितले. ज्याने गाजरे घेतली होती तो काही वेळ गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणून दोन जास्त टाकली होय?" त्याला मी काय उत्तर देणार? ती दोन गाजरे कशाची होती, ते मला अजून नीट कळलेले नाही.

सेलशी लढण्याआधीच्या ज्या तयारीबद्दल मी वर लिहिले, तिच्यात एक गोष्ट सांगायची राहिली. गोकू मुलाला सांगतो, की सुपर सायान झाले की अंगात नुसती तगमग होते आणि बळ वाया जाते. म्हणून ते दोघे त्याच रूपात जेवतात, झोपतात, हिंडतात. होता होता ते रूप अंगवळणी पडते आणि त्याचा भार वाटेनासा होतो. तेव्हा ते सोंग राहत नाही. माझे चुकले ते इथे. कॉलेजातला मी आणि गाडीवरचा मी, दोघांना मी फाटकापाशी रोज वेगळे करीत होतो, म्हणून दम लागत होता. आता मी घरी पुस्तक मोठ्याने वाचतो. आई ऐकते, आणि "ह्ये बरं हाय" किंवा "ह्ये काय कळंना" असा निकाल देते. 'ण' मी टाकून दिलेला नाही. तो कष्टाने मिळवला आहे. पण 'न'सुद्धा माझाच आहे.

गेल्या महिन्यात आपल्याच कॉलेजचे एक प्राध्यापक गाडीवर मेथी घ्यायला आले. मी जुडी झटकून पुढे केली आणि घाईत बोलून गेलो, "घ्या सर, ताजी हाय. आत्ताच पानी मारलंय." बोलल्यावर कानशिले तापली. सर हसले. ते हसणे वेगळे होते. त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि विचारले, "इंग्रजीचं काय झालं?"

ते गेल्यावर अण्णांनी विचारले, "कोन रं?"

"आमचे सर."

अण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली. सर दिसेनासे झाले होते तरी. मग पलीकडच्या कांदेवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ह्यो माझा थोरला. कालेजात हाय." आणि माझ्याकडे वळून, "बघतुयास काय? त्या बाईस्नी कोथमीर दे."

बघतुयास काय! इतके गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. मी कोथिंबीर दिली.

इंग्रजीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. या खेपेला सुटला, तर आईला पुन्हा एकदा "घातलं" म्हणून सांगेन. आणि या वेळी आधी काय राहिले होते, तेही सांगेन.